पोटातले कावळे

तिसऱ्या सकाळी डॉक्टर पिंगळे आल्या,
आईच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवून
दाराआडचं बोलणं ऐकावं तशा वाकल्या,
आणि परळच्या त्या आख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं विचारलं,
"आजी, वारा सरला का?"

आईने भिंतीकडे तोंड केलं.

लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत
आम्ही सात माणसं राहिलो,
तिचा ढेकरसुद्धा कुणी ऐकला नाही.
नळाला पाणी यायच्या आधी, पहाटे चारला,
डबडं घेऊन ती गॅलरीच्या टोकाला जाऊन यायची
चपला हातात धरून.
आता वॉर्डातल्या मावशी विचारतात,
भाऊ विचारतो फोनवर, ऑफिसातून, दबक्या आवाजात,
शेजारच्या खाटेवरच्या जुलेखाबी विचारतात,
"हवा निकली क्या?"

मी चोवीस वर्षं सातवीला पचनसंस्था शिकवते.
तक्ता टांगते, काठी फिरवते,
मुख, घसा, अन्ननलिका, जठर.
लहान आतडं साधारण सहा मीटर,
म्हणून मुलांना सुतळी धरायला लावते
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
शेवटच्या शब्दाला मुलं खुसखुसतात,
तिथे माझी काठी थांबत नाही.

तक्त्यावर नसलेलं इथे कळलं.
आतड्यांना परका हात लागला की ती रुसतात.
चिकटलेली सोडवली, हातभर तुकडा काढला,
टाके घालून सगळं जागच्या जागी ठेवलं,
तरी ती निपचित.
मेंदूची भूल उतरली, आईने मला नावाने हाक मारली,
पण यांचं घर वेगळं, चूल वेगळी,
स्वतःच्या नसा, स्वतःचा हट्ट.
आधी लहान आतडं कूस बदलतं,
मग जठर किलकिलं होतं,
मोठं सगळ्यांत शेवटी.
तोवर पाण्याचा थेंब नाही.
ओठांवर ओला कापूस, नाकात नळी,
पिशवीत साठत जाणारं हिरवट पित्त.

"पोटात ठेव," हे तिचं नेहमीचं.
मामाने बुडवलेले बारा हजार,
माझं मोडलेलं लग्न,
घोडपदेवला बाबांची असलेली दुसरी खोली.
तिने गिळलं,
पचलं असं आम्हीच धरून चाललो.

खिडकीबाहेरच्या झाडावर कावळे होते, भरपूर.
पोटातले ओरडत नव्हते.
कावळ्याची अशी वाट मी एकदाच बघितलेली,
बाणगंगेला, बाबांच्या दहाव्याला.
ऊन चढलं, भाताला मुंग्या लागल्या,
तेव्हा आई पुढे झाली, पुटपुटली काहीतरी.
लगेच शिवला.
काय म्हणाली ते तिने
अजून सांगितलेलं नाही.

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
तिने माझी ओढणी ओढली.
मी कान जवळ नेला, आणि तोंडातून नाही,
चादरीखालून आला आवाज,
शिजत्या डाळीवरचं झाकण हलावं तेवढाच.
तिने डोक्यावरून चादर घेतली.
मी सिस्टरना सांगायला धावले, अनवाणी.
जुलेखाबी अंधारात म्हणाल्या, "मुबारक हो,"
आणि पलीकडची, कालपर्यंत आमच्याशी न बोललेली बाई
हसली की रडली, कळलं नाही.
"हळू बोला गं," चादरीतून आई.

सकाळी नळी निघाली.
दोन चमचे पाणी, मग बघू, डॉक्टर म्हणाल्या.
पहिला चमचा. गळा हलला.
काठी नव्हती, मी चादरीवरून बोट फिरवत गेले,
इथे आलं असेल, आता इथे, टाक्यांना वळसा घालून
उजवीकडून वर, आडवं, डावीकडून खाली,
आणि शेवटचा शब्द
सावकाश, स्पष्ट म्हटला, फळ्यावर लिहावा तसा.

आई खुसखुसली.
टाके दुखले म्हणून पोट धरलं तिने,
आणि पुन्हा खुसखुसली.